माझ्या आवाजात, मी न गायलेली ओवी

जात्यावरची

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडं सविस्तर लिहिते, सांभाळून घ्या.

मी गाते. सांगली-साताऱ्याकडच्या काही लोकांना नाव सांगितलं तर आठवेल, पुण्या-मुंबईत कुणी ओळखणार नाही. आकाशवाणीची श्रेणी आहे, नवरात्रात आणि आषाढीच्या सुमारास कार्यक्रम असतात. तिशीत असताना जात्यावरच्या ओव्यांची एक सीडी केली होती, कोल्हापुरात रेकॉर्ड झाली. ती कंपनी पुढे बंद पडली, तिचा सगळा माल दुसऱ्या कुणी विकत घेतला. ओव्या मात्र यूट्यूबवर आहेत. बचत गटांच्या मेळाव्यात अजूनही लावतात.

मागे एकदा तासगाव तालुक्यातून एका बाईंचा फोन आला. "ताई, त्या कर्जाच्या अ‍ॅपचं गाणं तुम्हीच म्हटलंय ना? तुमचा आवाज ऐकला म्हणून तर फॉर्म भरला. आता ते रोज फोन करून घाणघाण बोलतात." मी असलं कुठलंही गाणं म्हटलेलं नाही. त्यांनी क्लिप पाठवली. पाऊण मिनिटाची जाहिरात, चाल ओवीची, आणि बायांनी घरबसल्या कर्ज घ्यावं असा मजकूर. आवाज माझा. मुलीनं ऐकून विचारलं, आई, हे कधी गायलीस? भावानं विचारलं, किती पैसे मिळाले?

मग हेडफोन लावून नीट ऐकलं. आवाज माझा आहे, पण आजचा नाही, त्या सीडीतला आहे. तेव्हा माझा वरचा सा पातळ लागायचा आणि ओळ संपताना शब्द किंचित नाकात जायचा. गुरुजींनी नंतर मेहनत करून तो दोष काढला. क्लिपमध्ये तो दोष जसाच्या तसा आहे.

एक गोष्ट मात्र माझी नाही, ती म्हणजे श्वास. ओवी जात्याच्या फेऱ्यावर चालते. खुंटा ओढताना शब्द येतात, फेरा फिरताना शेवटचं अक्षर लांबतं, आणि फेरा पुरा होतो तिथे श्वास. आजीसोबत दळायला बसून शिकलेली गोष्ट आहे ही. क्लिपमधली बाई ओळीच्या मध्येच शब्द तोडून श्वास घेते. जात्यावर बसलेली बाई तिथे श्वास घेणार नाही.

मला जाणकारांकडून समजून घ्यायचंय की हे करतात कसं. माझ्या जुन्या करारात "आज उपलब्ध असलेल्या व भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांत" असं वाक्य आहे, म्हणजे मी आवाजच देऊन बसले असं होतं का? मोठ्या गायकांनी कोर्टातून आदेश मिळवले असं पेपरात वाचलं. माझ्यासारखीनं काय करायचं?

मुक्ता_क

वाचून कसंतरी झालं. आधी त्या तासगावच्या बाईंचं बघा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्यांना लगेच तक्रार करायला सांगा, सोबत कुणीतरी जा. बदनामीच्या भीतीनं बायका गप्प बसतात आणि हे लोक त्यावरच जगतात.

जात्यावरची

मुक्ता, हो. त्यांच्या गटाच्या अध्यक्षबाई आणि मी, आम्ही त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात जाऊन आलो. तक्रार नोंदवून घेतली आहे.

ध्वनीयंत्री

ताई, मी रेकॉर्डिस्ट आहे, पंचवीसेक वर्षं हेच काम करतो. तुम्ही श्वासाबद्दल जे लिहिलंय ते अगदी नेमकं आहे, आणि हे कसं करतात याचं उत्तर त्यातच आहे.

गाण्याच्या नकलेसाठी सध्या जी पद्धत सर्रास चालते, तीत आधी कुणीतरी माणूस गातो. संगणक त्या गाण्यातून तीन गोष्टी वेगळ्या काढतो: उच्चारलेले ध्वनी, क्षणाक्षणाची स्वराची उंची, आणि आवाजाचा पोत, म्हणजे ज्यावरून आवाज कुणाचा ते ओळखू येतं. पहिल्या दोन तशाच ठेवून पोत तेवढा दुसऱ्याचा बसवतात. म्हणजे मींड, हरकत, लय, श्वास हे सगळं त्या गाणाऱ्या बाईचं, फक्त पोत तुमचा. तुमचा पोत शिकायला संगणकाला तुमची सीडी लागली, म्हणून आवाज तिशीतला आणि जुना दोषही आला.

'आरव्हीसी' नावाचं एक साधन २०२३ पासून फुकट उपलब्ध आहे. साधारण दहा मिनिटांचा स्वच्छ आवाज त्याला पुरतो असं बनवणारेच सांगतात. ठीकठाक ग्राफिक्स कार्डचा घरचा कॉम्प्युटर असला की झालं. तयार गाण्यातून वाद्यं काढून नुसता गळा वेगळा करणं पूर्वी फार अवघड होतं. २०१९ मध्ये 'स्प्लीटर' नावाचं मोफत साधन आलं, त्यानंतर त्याहून चांगली आली. तरी आपल्या भजनात पेटी गळ्याच्या मागोमाग त्याच स्वरावर चालते, तिथे ही साधनं अडखळतात आणि आवाजाला पेटीची एक बारीक सावली चिकटून राहते. तुमच्या ओव्यांना साथ कशाची होती?

जात्यावरची

साथ नव्हतीच. नुसता जात्याचा आवाज, तोही सुरुवातीला आणि शेवटी. बाकी कोरा गळा.

ध्वनीयंत्री

मग त्यांना गळा वेगळा काढावाच लागला नाही. कोऱ्या गळ्याइतकं सोयीचं दुसरं काही नसतं.

यावरून सगळ्याच गाणाऱ्यांना सांगतो. गाणं बाजारात आलं की ते मिक्स होऊन येतं, पण स्टुडिओच्या हार्ड डिस्कवर तुमचा गळा कोरा पडलेला असतो. चुकलेले टेक, पुन्हा घेतलेल्या ओळी, मधलं बोलणं, सगळं. वर्षानुवर्षं ते कुणी पुसत नाही. पूर्वी त्याला काही किंमत नव्हती. आता तीच सगळ्यात किमती वस्तू आहे, आणि ती कुणाकडे राहणार हे एकाही करारात लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. स्टुडिओ बंद पडतो, डिस्क भंगारात जातात किंवा कुणाच्या तरी घरी. गायकाला पत्ताही नसतो.

निशिगंधा_पुणे

मी वकील आहे, कॉपीराइटची कामं करते. कागद बघितल्याशिवाय पक्का सल्ला देता येत नाही, पण दिशा सांगते.

आधी मोठ्या गायकांचं. २६ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या दाव्यात अंतरिम आदेश दिला. कुठल्याही आवाजाचं त्यांच्या आवाजात रूपांतर करणारी साधनं त्यांच्या परवानगीशिवाय उपलब्ध करून देणं हाच त्यांच्या व्यक्तिमत्त्वाच्या हक्कांचा (आपलं नाव, चेहरा, आवाज कुणी न विचारता वापरू नये या हक्कांचा) भंग आहे, असं त्यात म्हटलं. नुसतं गाणं टाकणारा नव्हे, तर तशी सोय विकणाराही त्यात आला, म्हणून तो आदेश महत्त्वाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांना त्याच न्यायालयातून तसंच संरक्षण मिळालं. पुढच्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात कुमार सानू यांना.

हे सगळे अंतरिम आदेश आहेत आणि सगळे नामवंत आहेत. 'ही व्यक्ती प्रसिद्ध आहे' हे या दाव्यांतलं पहिलं पाऊल असतं. ताई, तुमच्या बाबतीत पहिला प्रश्न तिथेच येईल. पण तासगावच्या बाईंनी तुमचा आवाज ओळखून फॉर्म भरला, हा ओळखीचा फार चांगला पुरावा आहे. त्यांचा जबाब लेखी घ्या. शिवाय तुमच्या प्रकरणात फसवणूक आहे. संगणक वापरून तोतयेगिरीनं फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. त्यासाठी तुम्ही प्रसिद्ध असायची गरज नाही.

आता करार. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. कलम १८ मध्ये असं आलं की करार झाला तेव्हा वापराचा जो प्रकार अस्तित्वातच नव्हता किंवा व्यापारात नव्हता, त्याला तो करार लागू होत नाही, करारात त्याचा नेमका उल्लेख असेल तर गोष्ट वेगळी. कलम ३९अ ने हे कलम गायक-वादकांच्या हक्कांनाही योग्य त्या फेरफारांसह लागू केलं. "भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांत" असल्या मोघम वाक्यावर बोट ठेवायला इथे जागा आहे. तुमचा करार २०१२ च्या आधीचा दिसतो, त्यामुळे दुरुस्ती मागे जाऊन लागू होते का यावर समोरचा भांडेल. ती तयारी ठेवावी लागेल.

आणखी एक अडचण प्रामाणिकपणे सांगते. कलम ३८ पासूनचे कलाकारांचे हक्क हे तुम्ही प्रत्यक्ष केलेल्या सादरीकरणावर आहेत. ३८ब खाली आपल्या सादरीकरणाची मोडतोड झाली तर हरकत घेता येते. पण क्लिपमधली ओवी तुम्ही गायलेलीच नाही, मग मोडतोड कशाची झाली म्हणायची? कायदा लिहिला गेला तेव्हा माणूस न गाता त्याचं गाणं निघू शकेल हे कुणाच्या मनात नव्हतं. म्हणून सगळे व्यक्तिमत्त्वाच्या हक्कांकडे जातात, आणि ते हक्क आपल्याकडे एका कायद्यात लिहिलेले नाहीत, न्यायालयांच्या निकालांतून उभे राहिलेत.

रफीवेडा

ताईंच्या बाबतीत झालं ते उघड उघड गुन्हा आहे, त्यावर वाद नाही. पण सरसकट बंदीची भाषा व्हायला नको म्हणून लिहितो.

मी निवृत्त माणूस. रफीसाहेब १९८० साली गेले, तेव्हा कॉलेजात होतो. संगीतकार श्रीकांत ठाकरेंकडे ते मराठी गायले त्याचा आजही अभिमान वाटतो. हल्ली कुणीतरी त्यांच्या आवाजात एक अभंग तयार करून टाकलाय. खोटा आहे हे मला माहीत आहे. तरी डोळे भरून आले. कुणाचं नुकसान झालं? ज्यानं केलं त्यानं पैसे कमावले नाहीत, वर 'कृत्रिम' असं लिहिलंय. चाहत्यांच्या प्रेमाला आणि त्या कर्जवाल्यांना एकाच तराजूत तोलू नका, एवढंच म्हणणं.

तिसरी_घंटा

रफीवेडा काका, मी तुमच्यासाठीच गात आलो. ऑर्केस्ट्रात 'व्हॉइस ऑफ मुकेश' म्हणून माझं नाव बॅनरवर असायचं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोठ्या गावात एक व्हॉइस ऑफ किशोर, एक व्हॉइस ऑफ लता होतेच. नक्कल हा काही आजचा प्रकार नाही आणि मला तिची लाज वाटत नाही.

पण फरक आहे. मी स्टेजवर उभा असायचो. लोकांना दिसायचं की हा मुकेश नव्हे, आमच्या गल्लीतला आहे. गाणं पडलं तर शिट्ट्या मला पडायच्या. तो आवाज माझ्या छातीतून काढायला मला बरीच वर्षं लागली, आणि काढताना मुकेशजी एखादा स्वर कुठून उचलतात ते शिकावं लागलं. आता कुणाला काही शिकायला लागत नाही.

आणखी एक सांगतो, ताईंच्या धाग्याशी थेट संबंध आहे. मी बरंच स्क्रॅच गायलोय. म्हणजे मोठा गायक येईपर्यंत चाल दाखवायला आमच्यासारख्यानं गायचं, मग ते पुसून त्याच्या आवाजात डबिंग. पैसे थोडे, नाव नाही, पण कधीमधी स्क्रॅच आवडून तेच राहायचं आणि एखाद्याचं नशीब उघडायचं. मध्यंतरी एका ठिकाणी बोलावलं आणि सांगितलं, तू मनापासून गा, आवाज नंतर बदलून घेऊ. म्हणजे हरकती माझ्या, मेहनत माझी, आणि ऐकणाऱ्याच्या कानावर मी कुठेच नाही. मी परत आलो. पण माझ्यानंतर कुणीतरी गेलंच असणार, घर सगळ्यांनाच चालवायचंय.

ताईंच्या क्लिपमध्येही अशी एक बाई आहे, जिनं ती ओवी खरोखर म्हटली.

जात्यावरची

तिसरी_घंटा, तुमच्या शेवटच्या वाक्यानं मी थांबले. ध्वनीयंत्रींनी सांगितल्यापासून माझ्याही डोक्यात तीच बाई आहे. चांगली गाते ती. मधला कोमल निषाद तिनं फार हलका लावलाय, माझ्याकडून तसा लागत नाही. तिला काय सांगितलं असेल, किती पैसे दिले असतील, आपला गळा कुणाच्या नावावर जाणार हे तिला माहीत तरी होतं का?

रफीवेडा काका, तुमच्या डोळ्यांतल्या पाण्याचा मला मान आहे. तरी माझं म्हणणं वेगळं आहे. गाणाऱ्याचा आवाज नुसता पोत नसतो. त्यानं काय गायलं त्याइतकंच काय गायला नकार दिला तेही त्याच्या आवाजात असतं. लताबाईंनी उत्तान शब्दांची गाणी नाकारली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून साठच्या दशकात त्या भांडल्या, त्यावरून त्यांचा आणि रफीसाहेबांचा अबोला झाला आणि काही वर्षं दोघांची एकत्र गाणी झाली नाहीत. १९४९ साली 'महल'च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून पात्राचं नाव छापलं होतं, कामिनी. लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं की ही गाते कोण. त्या पिढीनं आपलं नाव आपल्या आवाजाला जोडून घ्यायला इतका झगडा केला. आता त्यांच्या माघारी त्यांच्या गळ्यात कुणीही काहीही घालतो, आणि त्या नाही म्हणू शकत नाहीत. तुम्ही ऐकलेला अभंग सुंदर असेल. तो रफीसाहेबांनी गायला असता की नाही हे त्यांनीच ठरवायला हवं होतं.

मलाही बाटलीबंद दारूच्या एका कंपनीनं लावणी गायला विचारलं होतं, चांगले पैसे देत होते. नाही म्हटलं. कर्जवाल्यांना मी नाहीच म्हटलं असतं. त्यांनी विचारलंच नाही, कारण आता विचारायची गरज राहिली नाही.

रफीवेडा

पटतं काही अंशी. पण मग चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची परवानगी कुणाकडून आणायची? घरच्यांकडून? त्यांना गाण्यातलं काय कळतं हाही प्रश्न आहेच. म्हणून मी म्हणतो, पैसे न कमावता आणि ठळकपणे सांगून केलं तर चालावं.

निशिगंधा_पुणे

रफीवेडा, तुमच्या 'ठळकपणे सांगून' या मुद्द्याला आपल्या कायद्यात जुना आधार आहे. ऐंशीच्या दशकात कॅसेटवर 'व्हर्जन' गाण्यांचा पूर आला होता, आठवत असेल. जुनी गाणी नव्या गळ्यात, स्वस्तात. त्यावर बराच वाद झाला. २०१२ च्या दुरुस्तीत कलम ३१क आलं. मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच वर्षं मालकाच्या परवानगीशिवाय असं कव्हर करता येत नाही, मूळ निर्मितीच्या मालकाला रॉयल्टी आगाऊ द्यायची, वेष्टनावर हे कव्हर आहे असं लिहायचं, आणि मूळ गायकाचं नाव किंवा चित्र वापरायचं नाही. ऐकणारा फसू नये म्हणून एवढी काळजी तेव्हा घेतली. आता नाव-चित्र सोडा, गळाच मूळ गायकाचा लावतात.

खुणेबद्दल: माहिती तंत्रज्ञान नियमांत फेब्रुवारी २०२६ मध्ये बदल झाला. कृत्रिमरीत्या तयार केलेल्या आवाज-चित्रावर तशी ठळक खूण आता बंधनकारक आहे, आणि न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावर समाजमाध्यमांना तीन तासांत मजकूर काढावा लागतो. पण खूण लावली की परवानगीची गरज संपली, असं कुठेही म्हटलेलं नाही.

मृत्यूनंतरचं चित्र धूसर आहे. २०२३ मध्ये सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयानं म्हटलं की असे हक्क माणसासोबत संपतात, वारसांकडे जात नाहीत. म्हणजे घरच्यांना विचारणं ही आज बरीचशी सभ्यतेची बाब आहे. ए. आर. रहमान यांनी जानेवारी २०२४ मध्ये 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटाच्या एका गाण्यात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज वापरले, तेव्हा दोन्ही कुटुंबांची परवानगी घेऊन मानधन दिल्याचं जाहीर केलं. त्याच सुमारास एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज न विचारता वापरला म्हणून त्यांच्या मुलानं एका तेलुगू चित्रपटाच्या निर्मात्यांना नोटीस पाठवली.

नॅशव्हिलकर

मी अमेरिकेत, टेनेसीत राहतो, गावाचं अर्धं पोट गाण्यावर चालतं. इथे २०२४ च्या मार्चमध्ये 'एल्व्हिस' नावाचा कायदा झाला, त्याच वर्षी १ जुलैपासून लागू आहे. निशिगंधाताईंनी प्रसिद्धीचा मुद्दा काढला म्हणून सांगतो. हा कायदा आवाजाचं संरक्षण कुणाही व्यक्तीला देतो, नामवंत असण्याची अट नाही. आणि ज्याचं मुख्य कामच परवानगीविना आवाज काढून देणं आहे असं साधन पुरवणाराही त्यात येतो. इथे स्क्रॅच गाणारे, कोरस गाणारे खूप आहेत, आणि गायक-वादकांच्या संघटनांनी यासाठी जोर लावला होता.

जुनी गोष्टही आठवली. फोर्ड कंपनीला ऐंशीच्या दशकात जाहिरातीसाठी बेट मिडलर ही गायिका हवी होती, तिनं नाही म्हटलं. मग तिच्यामागे वर्षानुवर्षं कोरस गायलेल्या बाईला बोलावून हुबेहूब तिच्यासारखं गायला सांगितलं. १९८८ मध्ये अपील न्यायालयानं मिडलरच्या बाजूनं निकाल दिला. ताई नकाराबद्दल लिहितात त्याला तिथे कायद्यानं मान दिला. पण तोही निकाल 'सर्वांना ठाऊक असलेला आवाज' एवढ्यापुरताच होता.

चांगली बाजूही लिहायला हवी. इथलाच गायक रँडी ट्रॅव्हिस. २०१३ मध्ये पक्षाघात झाला, गळा गेला, बोलणंही अवघड झालं. २०२४ च्या मे महिन्यात त्याचं नवं गाणं आलं. दुसऱ्या गायकानं गायलं आणि रँडीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून तयार केलेला आवाज त्यावर बसवला. रँडी स्वतः त्या कामात होता, त्याच्या संमतीनं झालं. ते ऐकताना मला काही चोरल्यासारखं वाटलं नाही.

कीर्तनवारसा

मी इथे फारसा लिहीत नाही, पण हा धागा माझ्या घरातला आहे.

वडील नारदीय कीर्तनकार होते. त्यांची पूर्वरंगाची बरीच रेकॉर्डिंग्ज आमच्याकडे कॅसेटवर आहेत, उत्तररंग, म्हणजे आख्यानाचा भाग, फारसे नाहीत. एका ओळखीच्यानं सुचवलं की त्यांच्या वहीतली आख्यानं तशीच आहेत, त्यांच्या आवाजात पूर्ण करून देतो. आईला ऐकायला मिळेल. मला मोह झाला, अजूनही आहे.

आईला विचारलं. ती म्हणाली, वहीत लिहिलेलं ते जसंच्या तसं कधी म्हणायचे का? समोर कोण बसलंय ते बघून बदलायचे. एखाद्या गावात सासरच्या जाचानं मुलगी गेली असेल तर तिथे वेगळं आख्यान लावायचे. मशीन कुणाकडे बघून सांगणार?

सध्या कॅसेट डिजिटल करून घेतो आहे, तेवढंच. बाकी ठरलेलं नाही. ध्वनीयंत्रींना विचारायचं होतं, ह्या फायली इंटरनेटवर टाकाव्यात की नाही? लोकांना ऐकायला मिळाव्यात असंही वाटतं.

ध्वनीयंत्री

कॅसेट आधी वाचवा, बुरशी लागण्याआधी. मूळ फायली दोन वेगवेगळ्या डिस्कवर घरीच ठेवा. इंटरनेटवर टाकायचं तर श्रोत्यांचे आवाज, झांजा, पेटी सकट टाका. साफ करून, नुसता गळा काढून टाकू नका. यानं कुणी पूर्ण अडतो असं नाही, पण आपण होऊन ताट वाढून द्यायला नको.

मुक्ता_क

ताई, क्लिपचं काय झालं?

जात्यावरची

सांगते. निशिगंधांनी निरोपातून जसं सांगितलं तसं केलं. आधी क्लिप, लिंक, खात्याचं नाव, तारीख दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवलं, मगच तक्रारी केल्या. कारण तक्रार गेली की ते काढून टाकतात आणि हातात पुरावा राहत नाही. यूट्यूबवर आपल्या आवाजाची कृत्रिम नक्कल झाली तर खासगीपणाच्या तक्रारीतून ती काढायची विनंती करता येते, २०२४ पासून ही सोय आहे. तिथून ती गेली. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतेय ती फिरतेयच. म्हणून बचत गटांच्या ग्रुपवर मी स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून सांगितलं की हे मी गायलेलं नाही, आणि आजच्या आवाजात एक ओवी म्हणून दाखवली. मुलीनं ते शूट केलं. तासगावच्या बाईंना आता फोन येत नाहीत, पण घरात त्यांना अजून बोलणी बसतात.

नवीन प्रश्न असा आहे. एका संस्थेसाठी माझ्या ओव्यांचं पुन्हा रेकॉर्डिंग ठरतंय. या वेळी करार आधी मागवला. त्यात तेच वाक्य आहे, "सर्व ज्ञात व अज्ञात माध्यमांत". निशिगंधा, काय घालायला सांगू?

निशिगंधा_पुणे

तीन गोष्टी घाला, साध्या मराठीत घातल्या तरी चालतील. एक, ही परवानगी ठरलेल्या ओव्यांच्या ध्वनिमुद्रणापुरती आहे, ओव्यांची यादी सोबत जोडली आहे. दोन, गायिकेच्या आवाजावरून कृत्रिम आवाज तयार करण्यासाठी किंवा तसं साधन शिकवण्यासाठी हे ध्वनिमुद्रण, त्याचा कुठलाही भाग, किंवा न वापरलेले टेक वापरता येणार नाहीत, आणि तिसऱ्या कुणाला त्यासाठी देता येणार नाहीत. यात 'विकत घेणाऱ्या पुढच्या मालकालाही हे बंधनकारक राहील' हे वाक्य विसरू नका, तुमच्या आधीच्या कंपनीचं काय झालं ते माहीत आहेच. तीन, कोरा गळा कुणाकडे राहणार ते नावानिशी, आणि काम संपल्यावर किती दिवसांत पुसणार तेही. मुदत आणि प्रदेश रिकामे ठेवू नका.

तिसरी_घंटा

निशिगंधाताई, हे आमच्यासारख्या स्क्रॅच गाणाऱ्यांनाही लागू पडेल असं एक वाक्य द्याल का? आम्हाला करारच नसतो, व्हाउचरवर सही असते.

निशिगंधा_पुणे

व्हाउचरवरच सहीच्या वर हातानं लिहा: "फक्त चाल दाखवण्यासाठी. आवाज बदलून प्रकाशित करण्यास परवानगी नाही." आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कुणी लिहू दिलं नाही तर काम संपल्यावर त्याच दिवशी तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. काही नसण्यापेक्षा पुष्कळ बरं.

जात्यावरची

त्यांचं उत्तर आलं. पहिल्या दोन गोष्टी मान्य. तिसरीला नकार. म्हणतात, कोरा गळा स्टुडिओच्या डिस्कवर राहतो, तो पुसायची पद्धत नाही, पुढे मिक्स बदलायला लागला तर काय करणार. मी कळवलं आहे की पद्धत नसेल तर या वेळेपासून पाडा. मिक्स पक्का झाल्यावर ती फाइल मला द्या, लागेल तेव्हा मी घेऊन येईन. ते लिहून मिळाल्याशिवाय मी स्टुडिओत जाणार नाही.

ध्वनीयंत्री

मागणी अजिबात अवघड नाही, अर्ध्या तासाचं काम आहे. कुठला स्टुडिओ ते निरोपातून कळवा. तिथला रेकॉर्डिस्ट ओळखीचा निघाला तर मी बोलतो, आणि पुसताना तुम्ही समोर बसा.